उपाशी पट्टीची येळवस

सोलापूरच्या कडेला सरकारनं कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र काढलं, तेव्हा मथुराबाईचं रान त्यात गेलं. रान गेलं, पण मथुराबाई काही रानातून गेली नाही. नवरा आधीच वारला होता, पोटी मूलबाळ नव्हतं. केंद्र सुरू झालं तशी ती खुरपं घेऊन फाटकाशी उभी राहिली आणि आपल्याच जमिनीत रोजंदारीनं खुरपायला लागली. गाव हळहळलं. तिला मात्र त्यात एवढं हळहळण्यासारखं काही दिसेना. माती तीच होती, वारा तोच होता, फक्त बांध सरळ झाले होते आणि रानाच्या पट्ट्या पाडून प्रत्येकीला पत्र्याची पाटी लावली होती.

दुपारची भाकरी झाली की ती बांधावर आडवी व्हायची. डोळे अर्धे मिटले की पाट्या विरघळायच्या, सरळ बांध वाकडे व्हायचे, आणि जुनं रान हळूहळू वर यायचं. इथं लिंब, तिथं कडब्याची कोप म्हणजे खोपटी, कोपीत सासूनं चुना लावून मांडलेले पाच पांडवांचे पाच दगड. सासू ज्वारीच्या ताटांतून हाताला धरून न्यायची. तिच्या बांगड्यांचा आवाज कानात असतानाच बसम्मा हलवून उठवायची.

"निजलीस व्हय गं?"

"न्हाय. घरला जाऊन आले."

बसम्मा कपाळाला हात लावायची. दोघी वर्षानुवर्षं एका ओळीत खुरपत आल्या होत्या, त्यामुळे याहून जास्त आश्चर्य तिला वाटत नसे.

आता त्या पट्ट्यांची तऱ्हा ऐका. एकीला शेणखत, एकीला युरिया, एकीला दोन्ही, एकीला पालापाचोळा. आणि कडेच्या एका पट्टीला काहीच नाही. दरवर्षी तिच्यात पेरायचं, दरवर्षी काढायचं, पण खायला म्हणून काही घालायचं नाही. साहेब लोकांत तिला इंग्रजी नाव होतं, बायका तिला उपाशी पट्टी म्हणायच्या. आणि नशीब बघा, पांडवांची जागा नेमकी त्याच पट्टीत आली होती.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवशीला, इकडं रानाला जेवू घालतात. ताकात ज्वारीचं पीठ कालवून केलेली अंबील, शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, पिठाचे उकडलेले उंडे सगळं रानात न्यायचं, पांडवांना दाखवायचं, उभ्या पिकात शिंपडायचं आणि मग आपण जेवायचं. त्या दिवशी रान उपाशी ठेवायचं नाही, हे सासूनं शिकवलेलं. केंद्रातल्या बायकाही बांधावर बसून येळवस करायच्या. पण उपाशी पट्टीत खरकटं पाणीसुद्धा टाकायचं नाही, अशी केंद्राच्या चनमल्लप्पा साहेबांची सक्त ताकीद होती.

सगळ्या जेवणात गुंतल्या की मथुराबाई पदराखाली तांब्या धरून त्या पट्टीत शिरायची. पांडवांच्या जागी अंबील ओतायची आणि म्हणायची, "घे बाई, खा. कुणाला सांगू नगंस."

चनमल्लप्पा साहेब अक्कलकोटकडचे, शेतकऱ्याघरचे. माणूस तरुण आणि कामाला वेडा. मातीचं ढेकूळ बोटात चुरायचे, नाकाशी न्यायचे आणि उन्हात तसेच उभे राहायचे. त्यांची आणि मथुराबाईची जात एकच, जागेपणी स्वप्न बघणारी. म्हणूनच की काय, त्यांना फसवताना तिला आतून टोचायचं.

बहात्तर साली पाऊस रुसला. उत्तरा नक्षत्रात एकदाच बरा पडला आणि तेवढ्या ओलीवर ज्वारी पेरली. खताच्या पट्ट्या बघता बघता तरारल्या, माणूस आत हरवेल अशा. उपाशी पट्टी कमरेच्या वर गेली नाही. आणि मग थंडीच्या दिवसांत एकेक दांडगी पट्टी कणीस बाहेर पडायच्या आधी पोटरीतच करपत गेली. सगळीकडं वाळलेल्या पानांची खसखस, आणि त्यात ती ठेंगणी, विरळ उपाशी पट्टी तेवढी हिरवी. कणसं लहान होती, पण दाणा भरला होता.

चनमल्लप्पा साहेब दिवसदिवस तिच्याभोवती फिरू लागले. पुण्याचे मोठे साहेब बघायला येणार असं ठरलं. मथुराबाई मनात हरखली. माझ्या अंबिलीचा गुण, माझ्या हातचं खाल्लं म्हणून जगली. हे सुख एकटीच्यानं पेलवेना, तेव्हा तिनं ते बसम्माच्या कानात सांगितलं. बसम्माचा चेहरा पडला.

"येडी का काय तू? सायेबानं समद्यांस्नी सांगितलंय, हिला कायबी घातलं न्हाय म्हणून. कळलं तर त्यांचं काम खोटं पडंल की. आन् ही पट्टी नांगरून दुसरीत घालतील."

पट्टी जाणार, म्हणजे पांडवांची जागा जाणार, सासू जाणार, दुपारचं घर जाणार. पण गप्प राहावं तर त्या वेड्या माणसाची मोठ्या साहेबांपुढं फजिती. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी ती साहेबांपुढं जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं.

साहेब मटकन बांधावर बसले.

"शेण घातलं?"

"न्हाय सायेब."

"राख?"

"न्हाय. अंबील. येळवशीला तांब्याभर."

"जागा दाखवा, मावशी."

तिनं दाखवली. साहेबांनी तिथली माती खोलवर उकरून एका पिशवीत भरली, पट्टीच्या दुसऱ्या टोकाची दुसऱ्या पिशवीत, आणि निघून गेले. माती तपासून होईतोवर मथुराबाई बांधावर आडवी झाली नाही. डोळे मिटायची तिला भीती वाटत होती.

मग साहेबांनी तिला काचेच्या नळ्यांच्या खोलीत बोलावलं. ते हसत होते.

"काही बिघडलं नाही मावशी. तुम्ही ओतलं ती माती आणि दुसऱ्या टोकाची माती, दोन्ही सारख्याच रिकाम्या. तुमच्या अंबिलीचा मातीत पत्ता नाही. हे मी पुण्याच्या साहेबांना कळवीन, पण पट्टी राहते."

पट्टी राहिली. मथुराबाईला हुश्श वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण पाठोपाठ वाईट वाटलं. इतक्या येळवशींची अंबील, आणि मातीत पत्ता नाही!

"मंग दाणा कशानं भरला?"

"खाऊनपिऊन दांडगी झालेली ज्वारी खालची ओल आधीच संपवून बसली. कणीस भरायच्या वेळेला जमिनीत पाणी उरलं नाही. हिनं अंगच धरलं नव्हतं. थोडं थोडं पिऊन शेवटपर्यंत पुरवलं."

"म्हंजी मी दिलं म्हणून न्हाय."

"नाही."

"कुनीबी दिलं न्हाय म्हणून."

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी नळ्या उगाच इकडच्या तिकडं केल्या.

"पण हे दुष्काळापुरतं, मावशी. चांगल्या पावसाला ही मागंच पडणार. तरी तिला घालायचं नाही. एक उपाशी राहिली तरच बाकीच्यांनी खाऊन काय केलं ते कळतं. त्यावरून उद्या कितीतरी रानांना काय घालायचं ते ठरेल."

"आन् हिला?"

मथुराबाई पदर सावरून बाहेर आली.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. येळवशीला सगळं रान उंच आणि हिरवंगार होतं, आणि कडेला उपाशी पट्टी पिवळट, खुरटलेली उभी होती. बायकांनी अंबील शिंपडली, हाळ्या दिल्या, पंगत बसली. साहेबांनाही आग्रहानं बोलावलं होतं. हातात उंडा घेऊन ते बांधाबांधानं चालत आले. मथुराबाई पंगतीत नव्हती. ती उपाशी पट्टीच्या बांधावर बसली होती. तांब्या भरलेला होता आणि भाकरीचं गाठोडं मांडीवर तसंच बांधलेलं होतं.

साहेबांची नजर आधी तांब्याकडं गेली. तिनं ती ओळखली.

"न्हाय ओतली, सायेब. तुमची आन."

"मग जेवायला चला की. इथं का बसलात?"

मथुराबाईनं त्या पिवळ्या ताटांवरून नजर फिरवली. "हिनं खाल्लं न्हाय," ती म्हणाली. "मी कशी खाऊ?"

पलीकडं पंगतीत बसम्मा हाका मारत होती. चनमल्लप्पा साहेबांनी हातातला उंडा रुमालात गुंडाळून ठेवला आणि ते तिच्याशेजारी बांधावर बसले.