भिंतीपलीकडची ॲम्ब्युलन्स

दादाने ही वसाहत आखली तेव्हा प्रत्येक गल्ली मुद्दाम बंद ठेवली. "बंद गल्लीतला प्लॉट हातोहात खपतो. परक्या माणसाची वर्दळ नाही," हे तो मला शाळकरी पोरीला समजवावं तसं सांगायचा. जुन्या वस्तीतून येणारा एकच सरळ रस्ता उरला होता. तोही त्याने भिंत घालून बुजवला, वर काचा रोवल्या. शहर वाढतंय म्हणे! अशा वसाहती एकमेकींकडे पाठ करून बसल्या की झालं शहर.

त्या दुपारी वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होती. गांधीलमाशी मानेवर डसली. वहिनीला ते विष सोसत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्यावरच्या, कपाटातल्या इंजेक्शनची मुदत मात्र कधीच संपलेली. बघता बघता तिचे ओठ सुजले, घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला.

सायरन लवकरच ऐकू आला. जिवात जीव आला. पण आवाज घरामागेच थांबला आणि ड्रायव्हरचा फोन आला.

"ताई, मोबाइलवर रस्ता सरळ तुमच्या दारात जातोय. इथे तर भिंत आहे!"

मी दादाकडे पाहिलं. तो पांढराफटक पडला होता. मंजूर नकाशात रस्ता होता. भिंत नंतरची, आणि नकाशा बदलायच्या भानगडीत हा पडलाच नव्हता.

"हायवेने वळसा घालून या म्हणावं," तो पुटपुटला.

"वळसा? अरे, अर्धा तास लागतो त्याला! तोवर ही राहील का?"

वहिनीची नखं निळी पडत चालली होती. दादाने तिला उचललं आणि आम्ही भिंतीकडे धावलो. मी जिवाच्या आकांताने ओरडले, "आम्ही इथेच आहोत, भिंतीला लागून!"

पलीकडे गाडीच्या टपावर पाय वाजले. काचांवर स्ट्रेचरची गादी येऊन पडली आणि तिच्यावरून एक थोराड नर्सबाई अलीकडे उतरल्या. तळहात चिरला होता, बाही रक्ताने भिजली होती. त्यांनी वहिनीच्या मांडीत सुई टोचली.

"श्वास घ्या, बाई. घ्या म्हणते ना!"

थोड्या वेळाने वहिनीने घेतला. मी तिथेच भोकाड पसरलं.

पुढच्या रविवारी वसाहतीची बैठक भरली. बोलावणं नसताना मीही गेले. भिंत पाडायचं ठरणार, याची मला खात्री होती.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "एवढी जाडजूड बाई चढून येते, तर चोरांना काय अवघड? भिंत आणखी उंच करू. कोणाकोणाची संमती?"

हात वर होऊ लागले. दादाने शेजारी बसलेल्या वहिनीकडे पाहिलं नाही. हात मात्र वर केला.

वहिनी उठली आणि माझ्या बाजूच्या खुर्चीवर येऊन बसली.