घट्ट झाकणाच्या बरण्या

“इतकं घट्ट झाकण एकट्या माणसाच्या घरात नको गं,” आई म्हणाली तेव्हा तिची मुलगी स्टुलावर उभी होती, डोकं फडताळात होतं आणि दातांत चिकटपट्टीचा तुकडा धरलेला होता. तिने तुकडा काढला, बरणीवर चिकटवला, त्यावर ‘तांदूळ’ असं लिहिलं आणि मग कुठे उत्तर दिलं, “आई, बरणी आहे ती. तिजोरी नाही.”

आई हसली आणि विषय तिथेच मिटला.

तो सगळा खटाटोप एका अळीपायी सुरू झाला होता. बाबा गेल्यापासून तिला एकच घोर लागला होता, की आई एकटीसाठी गॅस पेटवते का, की चहावर दिवस काढते. फोनवरून ते कळेना, म्हणून नुकत्याच चालायला लागलेल्या लेकीला कडेवर घेऊन ती आईकडे राहायला आली होती. लेकीचे गाल बघून आजीने तिचं नाव ‘भोपळी’ ठेवलं होतं आणि तेच सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. पहिल्याच सकाळी भोपळीसाठी पीठ काढायला डबा उघडला, तर आत कोळिष्टकासारखी जाळी आणि जाळीत वळवळणारी पांढरी अळी. आता ही बाई सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. तिला भाजीवाल्याच्या तराजूवरही जंतू दिसायचे. तिला खरीखुरी अळी दिसल्यावर काय होणार?

“आई, हे तू खातेस?”

“चाळून घेते की.”

“चाळून?”

“तुला काय न चाळता वाढवलं? बघ, झालीस ना एवढी मोठी.”

पण तोवर तिने बाह्या सरसावल्या होत्या. ओट्याखालचं, ओट्यावरचं, माळ्यावरचं सगळं बाहेर आलं. तांदळात सोंडे निघाले. रव्यात जाळी. मसाल्याच्या एका पुडीतून बारीक पाखरू भुर्रकन उडालं आणि भोपळीने टाळ्या वाजवल्या. मग नुसतं धान्यावर भागेना. झाकण नसलेल्या बाटल्या, बाटली नसलेली झाकणं, आईस्क्रीमचे रिकामे डबे, पिशव्यांनी फुगलेली पिशवी, दांडा तुटलेल्या कपांचं अख्खं बिऱ्हाड. आई एकेक वस्तू हातात घेऊन तिची बाजू मांडायची. “हा कप राहू दे, यात धुण्याचा सोडा बसतो.” “सोडा कुठाय?” “आणला की बसतो.” दोघी हसायच्या आणि कप पोत्यात जायचा.

पत्र्याचे जुने डबे मात्र आईने दोनदा पोत्यातून परत काढले. त्यांना ठिकठिकाणी पोचे आले होते, कडा काळवंडल्या होत्या. झाकण वरून थापटलं की बसायचं आणि नखाने उचललं की निघायचं.

“म्हणजे कीडही तशीच आत जाते,” ती म्हणाली. “सैल झाकण म्हणजे किड्यांना उघडं दार.”

“आलं आमचं इन्स्पेक्टर,” आई म्हणाली आणि डबे सोडून दिले. भंगारवाला ते खडखडवत जिना उतरला, तेव्हा आई खिडकीत उभी होती. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत उभीच होती.

मग नव्या बरण्या आल्या. जाड काच, फिरकीचं झाकण, आत रबराचं वळं. तिने त्या उकळत्या पाण्याने धुतल्या, उन्हात सुकवल्या, गळ्यापर्यंत भरल्या. प्रत्येकीत वर एक तमालपत्र ठेवलं, किडीला तो वास सोसत नाही म्हणून. झाकणं तिने स्वतः पिळून पिळून लावली. फडताळ असं चकाकायला लागलं की शेजारीण बघायला यावी. पण समोरचं घर मागच्याच वर्षी रिकामं झालं होतं, त्यामुळे बघायला कोणी आलं नाही. तिने फोटो काढून नवऱ्याला पाठवला. त्याचा अंगठा आला.

स्वतःच्या घरी परतल्यावर दुपारचे फोन सुरू झाले. भोपळी झोपली की ती सिंकपाशी उभी राहून फोन लावायची. आईला फोन समोर धरायला कधी जमलं नाही. पडद्यावर अर्धा भाग छत आणि उरलेल्यात आईचं कपाळ.

“जेवलीस?”

“जेवले. तू?”

“हो, मीपण.” भोपळीच्या ताटलीत उरलेला गार भात ती बोटांनी गोळा करत असायची. दिवसभरात मोठ्या माणसाशी तिचं बोलणं व्हायचं ते एवढंच. नवरा अंधार पडल्यावर यायचा आणि आधीच थकलेला असायचा. म्हणून ती हा फोन लांबवायची, आणि लांबवायला तिच्याकडे दरवेळी तोच प्रश्न असायचा.

“किडे?”

“एक नाही बघ.”

“जाळीबिळी?”

“अगं, बरण्या कशा लखलखताहेत. तू लावून गेलीस तशाच आहेत.”

हे ऐकलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. आपण आईसाठी निदान एक गोष्ट तरी धड केली, असं वाटायचं. भोपळीच्या घशात काही अडकलं तर, ताप डोक्यात गेला तर, रस्ता ओलांडताना हात सुटला तर, अशा शंभर काळज्यांच्या यादीतून आईचं स्वयंपाकघर तिने खोडून टाकलं होतं.

थंडी सुरू झाली तेव्हा ती पुन्हा आईकडे आली. आईने दार उघडलं आणि भोपळीला घ्यायला हात पुढे केले, तसा घड्याळाचा पट्टा मनगटावरून घसरत पार कोपराजवळ गेला.

“बारीक झालीस गं.”

“वय झालं की माणूस आटतं. ये, चहा टाकते.”

चहा झाला. भोपळी आजीच्या पायाशी भांडी वाजवत बसली. ती सवयीने ओट्यापाशी गेली. साखरेची बरणी तिथे झाकणाशिवाय उभी होती, वर एक बशी पालथी घातलेली. बरणीला वेढा घालून मुंग्यांची रांग खिडकीपर्यंत गेली होती.

“ही उघडी का?”

“राहिली.”

“आई, एवढ्या चांगल्या बरण्या आणून दिल्या आणि तू बशी ठेवतेस? मुंग्या बघ किती.”

“असू देत. तेवढीच घरात ये-जा.”

आई थट्टेत म्हणाली, म्हणून तीही हसली. मग तिने फडताळ उघडलं. बरण्या खरोखर लखलखत होत्या. एक किडा नाही, एक कण सांडलेला नाही. तिला इतकं बरं वाटलं की तिने फोन काढून पुन्हा एक फोटो घेतला. भोपळीसाठी मऊ भात लावायचा म्हणून तांदळाची बरणी खाली उतरवली, आणि काचेतून तिला वरचं तमालपत्र दिसलं. तिने ठेवलं होतं तसंच, सपाट, देठ तिच्या अक्षरातल्या ‘तांदूळ’कडे केलेलं. तांदूळ गळ्यापर्यंत.

तिला वाटलं, आईने परत भरली असेल. पण परत भरणारी बाई पानाचा देठ त्याच बाजूला कशाला ठेवेल? तिने डाळीची बरणी पाहिली, मग पिठाची, मग रव्याची. सगळ्यांत तमालपत्रं जागच्या जागी. डाळीच्या बरणीच्या झाकणाची कड मात्र ओरबाडलेली होती. सुरीचं टोक घालून कोणीतरी बराच वेळ झगडलं होतं. बरण्यांच्या मागे, नजरेला पडू नयेत अशी बिस्किटांच्या पुड्यांची चवड होती आणि अर्धा ब्रेड.

किडीने काही खाल्लं नव्हतं हे खरंच होतं. पण आईनेही खाल्लं नव्हतं.

“आई,” ती म्हणाली, “ही जरा उघड ना.”

आईने बरणीकडे पाहिलं, मग लेकीकडे. “तूच उघड. माझ्या मांडीवर भोपळी आहे.”

भोपळी मांडीवर नव्हती. ती खाली बसून झारा चाटत होती.

तिने बरणी आईच्या हातात ठेवली. आईने ती पोटाशी धरली आणि झाकणाला हात घातला. तेव्हा तिने आईचे अंगठे पाहिले. कपाळ पाहता पाहता तिने ते कितीतरी दिवसांत पाहिलेच नव्हते. मुळाशी सुजलेले, आत वळलेले. झाकणावर ते नुसते सरकले. आईने बरणी हळूच ओट्यावर ठेवली.

“कधीपासून?”

“दुखायचे आधीपासून. पण आधी कुठे काय अडायचं?”

तिला एकदम सगळं आठवलं. झाकण अडलं की आई काही न बोलता बरणी नेऊन बाबांच्या पेपरावर ठेवायची. बाबाही काही न बोलता, वाचता वाचता ती उघडायचे आणि बाजूला सारायचे. ती लहानपणापासून हे पाहत आली होती. घरात उन्हाचा कवडसा सरकतो तसं ते तिच्या डोळ्यांसमोर होत राहिलं होतं, आणि त्यात दोन माणसं लागतात हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

“गरम पाणी घालून पाहिलं,” आई सांगायला लागली, जणू कोणा दुसऱ्याची गंमत सांगावी. “रबरी हातमोजा घालून पाहिलं. दाराच्या फटीत धरून पाहिलं, तर दारच करकरलं. साखरेची एकदा निघाली, तर इतका आनंद झाला की मी पुन्हा झाकण लावलंच नाही. म्हणून तर चहा चालू राहिला.”

“खाली कोणाला तरी सांगायचं.”

“गेले होते एकदा. डाळीची बरणी घेऊन जिना उतरले. खालच्या दारात सगळे चपला घालून बाहेर निघालेले. त्यांनी विचारलं, काय काकू? मी म्हटलं, काही नाही, फिरायला निघाले.”

“बरणी घेऊन?”

“हो ना. मग फिरून यावं लागलं.”

दोघींना हसू आलं आणि ते अर्ध्यातच थांबलं.

“मला का नाही सांगितलंस?”

“फोनवर काय सांगायचं? झाकण उघडत नाही म्हणून? लहान पोर घेऊन तू एवढ्या लांबून धावत आली असतीस. आणि तू किती खूश होतीस बरण्यांवर. रोज विचारायचीस.” आईने ओट्यावरची एक मुंगी बोटाने बाजूला केली. “म्हटलं, कोणी आलं की उघडून घेऊ.”

“मग?”

“मग काय. आलीस की तू आज.”

ती वळली आणि बरण्या उघडायला लागली. एकामागून एक, झाकणं पिळून, ओट्यावर उलटी टाकत. पिठाला बंदिस्त, शिळा वास आला होता. ते टाकून द्यावं लागलं. बाकीच्यांवर तिने बशा ठेवल्या. बशा पुरल्या नाहीत तेव्हा आई पलंगाखालून बाबांचा खिळ्यांचा डबा घेऊन आली. पत्र्याचा, पोचा आलेला. स्वयंपाकघरात नव्हता म्हणून तेवढा वाचला होता. खिळे कागदावर ओतले, डबा घासला, विस्तवावर धरून कोरडा केला आणि त्यात तांदूळ भरले. आईने झाकण वरून थापटून बसवलं, नखाने उचललं, पुन्हा बसवलं. भोपळीला तो आवाज आवडला. मग आजीला ते बरेच वेळा करावं लागलं.

दुपारी तिघी जेवायला बसल्या. मऊ भात, डाळ, वर थोडं तूप. आईने पहिला घास घेतला आणि काही वेळ नुसती चावत राहिली. मग सावकाश जेवली, पुन्हा भात घेतला. ती भोपळीच्या तोंडाकडे बघायची तशी आईच्या तोंडाकडे बघत राहिली.

“अशी बघू नकोस गं, इन्स्पेक्टर. घास लागेल.” आईने डाळ कालवली. “तू तिकडे बसून जेवतेस ना?”

“हो.”

तो ‘हो’ इतका पटकन आला, की तो कोणाचा आहे हे दोघींनाही ओळखू आलं. आईच्या रोजच्या ‘जेवले’चा तो सख्खा भाऊ होता. आईने भाताचा मोठा डाव उचलून तिच्या ताटात वाढला आणि ती संपवेपर्यंत समोरून उठली नाही.

आता फोन होतात ते वेगळ्या रीतीने. दोघी आपापली ताटं वाढून घेतात आणि मग फोन लावतात. आधी ती म्हणते, “डबा उघड, मला ऐकू दे.” मग पत्र्याचं झाकण निघाल्याचा आवाज येतो, तो आला की तीही इकडे खाली बसते. खिडकीत फोन टेकवायला आई शिकली आहे. कपाळाखालचा चेहरा दिसतो, हातही दिसतात. मधूनच आई सांगते, “तांदळात दोन सोंडे निघाले गं.” आणि शिकलेल्या, जंतूंना घाबरणाऱ्या या बाईला ते ऐकून चक्क बरं वाटतं. घर मात्र दोन्हीकडे तसंच आहे. फोन ठेवला की इकडे नळाचा आवाज, तिकडे घड्याळाचा.

तुमच्याही माहितीत एकटं राहणारं कुणी असेल. मावशी, जुन्या शेजारीणबाई, वरच्या मजल्यावरचे काका. आज त्यांच्याकडे जाऊन या. जेवलात का, असं विचारू नका, ते हो म्हणतील. पाणी मागा आणि पाण्याच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जा. तिथली एखादी बरणी उचलून त्यांच्या हातात द्या, म्हणा, जरा उघडून देता का. आणि त्यांच्या तोंडाकडे नाही, अंगठ्यांकडे बघा.