पाटलाच्या विहिरीतला पिंपळ

शनिवारी संध्याकाळी खामगावच्या कापसाच्या जिनाचा भोंगा वाजला आणि यंत्रं थांबली, की इंद्रभानला आधी काही वेळ ऐकूच यायचं नाही. सहा दिवस कानात घरघर, नाकात रुईचे तंतू, भुवयांवर पांढरी लव. तो हौदावर जाऊन खसाखसा तोंड धुवायचा आणि मग हळूहळू एकेक आवाज परत यायचा. टांग्याची घंटा, चहावाल्याची कपबशी, आणि फाटकाबाहेरून उकंडरावची हाक, "इंद्या, चाल बे! उद्या आयतवार हाये."

आयतवारची ही चैन दोघांनाही नवी होती. गावी असताना बैलाला आणि उन्हाला आयतवार ठाऊक नसायचा, तर माणसाला कुठून असणार? महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगेमागे दोघं पळसोडी सोडून खामगावला आले. इंद्रभान जिनात फिटरच्या हाताखाली लागला आणि पुढे स्वतःच फिटर झाला. उकंडराव तेलाच्या घाण्यावर वजनकाट्याशी बसू लागला. दोघांनी मिळून एक जुनी सायकल घेतली होती. आयतवारी उजाडताच त्या सायकलवर पळसोडीला जायचं, इंद्रभाननं त्याच्या मायला आणि उकंडरावनं त्याच्या मायबापाला भेटायचं, वेळ उरला तर नाल्यावर गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायचे, आणि दिवस मावळता परत फिरायचं. सहा दिवस धन्याचे आणि एक आपला, हा हिशेब इंद्रभानला फार आवडायचा. आपल्या दिवसाचं काय करावं, याचा विचार करण्यातच त्याचा बुधवार-गुरुवार मजेत जाई.

रस्त्यात जेवढे मारुती लागत तेवढ्या वेळा उकंडराव उतरायचा. इंद्रभान सायकल धरून उभा राही.

"एवढ्या वेळा हात जोडतं, त्याच्यापक्षा चढावर दोन पायडल जास्त मार ना."

"त्याच्याच जोरावर त मारून राह्यलो. तुहं काय, तुह्या बुद्धाले नारळ नाही, शेंदूर नाही, काहीच लागत नाही."

"लागते ना. खोटं बोलू नको, चोरी करू नको, दारू पिऊ नको."

"हे त नारळापक्षा महाग झालं बाप्पा!" उकंडराव म्हणायचा, आणि दोघं हसत पुढच्या गावाला लागायचे.

पाच-सहा वर्षांपूर्वी इंद्रभानच्या वस्तीनं दीक्षा घेतली होती. त्याची माय जनकाबाई हिनं देव्हाऱ्यातले टाक स्वतःच्या हातानं नाल्यात सोडले होते आणि तिथे बुद्धाची तसबीर लावली होती. देव बदलले, पण पाण्याचं मात्र तसंच राहिलं होतं. होळी झाली की वस्तीजवळचा झिरा आटायचा. मग पाटलाची विहीर तेवढी उरे. नाव पाटलाचं असलं तरी सारं गाव तिथे पाणी भरायचं. वस्तीतल्या बाया तेवढ्या घागरी घेऊन बाजूला बाभळीपाशी उभ्या राहायच्या. कुणाला दया आली की ती वरून घागरीत पाणी ओतायची. कुणाला आली नाही, तर ऊन डोक्यावर येईपर्यंत त्या तशाच उभ्या.

त्या आयतवारी दोघं गावात शिरले तेव्हा विहिरीपाशी माणसं गोळा झाली होती. मध्ये भगवानराव पाटील डोक्यावरचं पागोटं काढून टाळू पुशीत उभे होते. त्यांची म्हातारी आई, मनकर्णाबाई, मोटेचं पाणी पडायच्या दगडी थारोळ्यावर बसून सगळ्यांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगत होती. "माह्या डोस्क्याच्या इतलुशा बाजूनं गेला वं दगड! धप्पकन पान्यात!"

गोष्ट अशी होती. विहिरीच्या आतल्या बांधकामात, तोंडापासून पुरुषभर खाली, दगडांच्या सांध्यात एक पिंपळ उगवला होता. कधी पाखरानं बी टाकलं असेल. चांगला माणसाएवढा वाढला होता आणि त्याच्या मुळ्यांनी चुना फोडून दगड ढिले केले होते. दोन दगड पडले. आणखी पडले असते तर विहिरीची ती बाजूच बसली असती.

"तोडून टाका ना मंग," इंद्रभान म्हणाला.

"कोन तोडते?" पाटील वैतागून म्हणाले. "लाकूडतोड्याले बलावलं, तो मने पिंपळावर कुऱ्हाड नाही चालवत, मुंजा लागते. गड्याले म्हनलं, तो कालपासून घरी आलाच नाही. उकंडा, तू पाह्यतं का?"

"मी? नाही काका," उकंडरावनं कान धरले. "माह्या मायचा शनिवार आहे पिंपळाचा. घरात नाही घेनार मले."

पाटलांची नजर इंद्रभानवर स्थिरावली आणि चेहरा एकदम उजळला. "अरे, हे त डोक्यातच नाही आलं! तुमी लोकायनं देव सोडले ना बे? मंग तुले मुंजाचं काय भेव? तूच तोड."

सगळे इंद्रभानकडे पाहू लागले. त्याला हसू आवरेना.

"पाटील, तुमी चुकीच्या मानसाले इचारलं. आमच्या बुद्धाले पिंपळाखालीच त ज्ञान झालं. मुंजाले मी नाही भेत, पन त्या झाडावर माहा हात नाही उठनार."

पाटील बघतच राहिले. "म्हंजे आता तुमाले बी पिंपळ चालत नाही? मंग या गावात पिंपळ तोडाले उरलं कोन?"

सगळे हसले. मनकर्णाबाईसुद्धा पदराआड हसली. इंद्रभान मात्र वाकून आत पाहत होता. चैत्राची पालवी, तांबूस, लवलवती. खालच्या काळ्या पाण्यात तिची सावली हलत होती. तोडायला मन धजत नव्हतं आणि ठेवून चालणार नव्हतं. जिनात रोलरमध्ये काही अडकलं की नवशिके हातोडा घेतात. तो आधी आजूबाजूचे बोल्ट ढिले करायचा. इथेही तसंच करावं लागणार होतं.

"मुळासकट काढता येईन," तो सावकाश म्हणाला. "भवतालचे दगड मोकळे करायचे, मुळी सोडवायची, दगड परत बसवायचे. झाड दुसरीकडं लावू. पन त्याच्यासाठी आत उतरा लागते."

काठावर वाकलेले दोघं-चौघं मागे सरले.

इंद्रभाननं बाभळीकडे पाहिलं. तिथे त्याची माय रिकामी घागर कमरेवर घेऊन उभी होती. मग तो पाटलांकडे वळला.

"पाटील, मी उतरतो. मजुरी नको. पन मी उतरलो त माहा पाय पान्यात पडन, घाम बी पडन. ते पानी तुमी पेसान ना? मंग माही माय तिकडं काऊन उभी राह्यते? आमच्या बाया आपल्या हातानं पानी वढतीन. एवढं हाव म्हना, मी पुढच्या आयतवारी दोर घेऊन येतो."

पाटलांनी पागोटं पुन्हा डोक्यावर ठेवलं. आईकडे पाहिलं. आईनं थारोळ्याकडे पाहिलं.

"पाह्यू," ते म्हणाले आणि घरात गेले.

तो आठवडा इंद्रभानला लांब गेला. यंत्राला तेल घालताना त्याला वाटे, उगाच बोललो. मग वाटे, बोललो ते थोडंच बोललो. बुधवारी संध्याकाळी चहाच्या दुकानात तो उकंडरावला म्हणाला, "पाटील नाही म्हनले त?"

"त इहीर पडन. म्हाताऱ्या मानसाले समजते बे." उकंडरावनं बशीतला चहा फुंकला. "अन् आयक, झाडाले मी हात नाही लावनार. पन दोर मी धरतो. दुसऱ्या कोनाच्या हातात देऊ नको."

"तुह्या मायनं घरात नाही घेतलं त?"

"त तुह्या मायकडं जेवीन. तिच्या हातची भाकर काय वाईट आहे?"

इंद्रभाननं चहाचे पैसे उकंडरावच्या आधी देऊन टाकले.

पुढच्या आयतवारी ते पोचले तर पाटील विहिरीवरच उभे होते. पायाशी नवा कोरा दोर, सब्बल, छिन्नी, आणि चुन्याची टोपली.

"पाटील, माही पान्याची गोठ?"

"हाव म्हनलं ना."

"म्हनले नाही तुमी."

"मंग आता म्हनतो," पाटील गुरगुरले. "हाव! सरकारचा कायदा बी तसाच आहे मने. उतर आता, ऊन होऊन राह्यलं."

थारोळ्यावरून मनकर्णाबाईचा आवाज आला, "मी माहं पानी पाहाटीच भरून घेत जाईन बाप्पा!"

इंद्रभान दोराच्या फासात बसून उतरला. वर उकंडरावनं दोराचं टोक कमरेला गुंडाळलं होतं, मागे चार-पाच जणांनी तो धरला होता. आत गारवा होता. पारव्यांची जोडी फडफडत बाहेर पडली. इंद्रभाननं छिन्नीनं सांधे मोकळे केले, एकेक दगड बादलीत घालून वर पाठवला. मुळी मनगटाएवढी होती, दगडांच्या मागे दूरवर गेलेली. तिला दुखवायचं नव्हतं. तो बोटांनी चुना खरवडत राहिला, तिच्याशी बोलत राहिला, "ये बाई, ये. तिकडं काय आहे तुहं?"

आणि मुळी आली. पण अशी एकदम आली, की इंद्रभान झाडाला कवटाळून उलटा झाला, दोराला हिसका बसला, आणि काठावर वाकून पाहत असलेला उकंडराव, "अरे अरे अरे" म्हणत, कमरेच्या दोरासकट त्याच्या मागोमाग विहिरीत आला. मागच्यांच्या हातांतून दोर सणकत निसटला होता.

वर हाहाकार झाला. पाणी उन्हाळ्याचं, छातीपर्यंतच. आधी इंद्रभानचं डोकं वर आलं, मग उकंडरावचं, आणि त्याच्या डोक्यावर पिंपळ, फांद्या दोन्ही खांद्यांवर पसरलेल्या. बुडू नये म्हणून त्यानं बुंधा गच्च धरला होता.

"पाय लागला बे इंद्या, पिंपळाले पाय लागला!"

"पाय कुठचा? तू त त्याले मिठी मारली!"

खाली दोघं इतके हसले की विहीर घुमली. वरच्यांना वाटलं रडताहेत. जनकाबाई बाभळीजवळून धावत आली ती थेट काठावर. आजवर तिनं ती विहीर आतून पाहिली नव्हती. "लागलं का रे बाबू?" ती ओरडली, आणि तिच्या शेजारी वाकलेली मनकर्णाबाई तिच्या खांद्याचा आधार घेऊन त्याहून मोठ्यानं ओरडली, "वढा रे मुडद्याहो, पाह्यता काय!"

बादलीच्या दोरानं झाड आधी वर गेलं, मग माणसं. दुपारभर इंद्रभान पुन्हा आत बसून दगड बसवत होता आणि पाटील स्वतः चुना कालवून खाली सोडत होते. झाड कुठे लावायचं यावर थोडी बाचाबाची झाली. उकंडरावचं म्हणणं, मारुतीच्या पारावर. इंद्रभान म्हणाला, वस्तीत, जिथे पंचशीलाचा झेंडा लावतो तिथे. पाटलांनी निकाल दिला, "ज्यानं काढलं त्याचं." मग ओल्या गोणपाटात मुळ्या गुंडाळून झाड वस्तीत नेलं ते उकंडरावनंच, खांद्यावर घालून. एकदा मिठी मारलीच आहे, आता काय राहिलं, असं तो वाटेत भेटेल त्याला सांगत होता. त्याच्या मायनं त्याला घरात घेतलं. आधी अंगणात आंघोळ घातली, पण घेतलं.

दोघं इतके दमले होते की त्या संध्याकाळी परतायचं राहिलं. सोमवारी पहाटे निघावं म्हणून ते सायकल घेऊन विहिरीवरून जात होते. पाणी निवळलं होतं. बोलल्याप्रमाणे मनकर्णाबाई पहाटेच आली होती आणि तिची घागर भरून झाली होती. वस्तीतल्या बायाही आल्या होत्या, पण सवयीनं बाभळीपाशीच थांबल्या होत्या. पुढे झाली ती जनकाबाई.

तिनं बादली चाकावरून आत सोडली. सोडणं सोपं होतं. ओढायला गेली तर दोर हातातून सरकला आणि बादली धाडकन पाण्यात पडली. तिनं पुन्हा ओढली. अर्ध्यावर येऊन पुन्हा तेच. सारा जन्म त्या विहिरीपाशी गेलेला, पण चाकावरून पाणी ओढायचं कसं, ते हातांना कुणी शिकवलंच नव्हतं. तिचे कान लाल झाले. इंद्रभान सायकल टाकून पुढे निघाला, तसं उकंडरावनं त्याला दंडाला धरून थांबवलं.

"अवो जनका, तशी नाही!" मनकर्णाबाईला राहवलं नाही. तिनं भरलेली घागर खाली ठेवली. "दोर पायाखाली दाब. हां. आता एक हात, मंग दुसरा हात. झटकू नको. हां, अशी! जमलं ना?"

बादली वर आली. जनकाबाईनं ती काठावर टेकवली आणि पाण्याकडे बघत राहिली. मनकर्णाबाई आपली घागर उचलून, काहीतरी पुटपुटत, घराकडे गेली. ती पुढे दिवाळीपर्यंत पहाटेच यायची. मग थंडी पडली, तिला उठवेना, आणि ती सगळ्यांसोबत येऊ लागली.

त्याच उन्हाळ्यात वैशाखी पुनवेला योगायोगानं आयतवारच आला. वस्तीत खीर होती. पिंपळानं जुनी पानं सगळी गाळली होती, पण बुंधा ओला होता आणि फांदीच्या टोकाला डोळे फुटत होते, म्हणून सगळे खुशीत होते. उकंडराव तिसऱ्यांदा वाटी पुढे करत होता. इतक्यात जनकाबाई घागर घेऊन निघाली.

"अवो माय, आता कुठं?" इंद्रभाननं विचारलं. "रांजण भरला, मडके भरले, झाडाले घातलं. पानी ठेवाले भांडं नाही घरात."

"असंच," जनकाबाई म्हणाली, आणि विहिरीकडे चालू लागली.