पोटात तांदूळ घेऊन

मी गिटार बोलतेय. ऐकू येतंय ना? माझा आवाज जरा बेताचाच आहे, म्हणून आधीच विचारलं.

अंगानं मी लहान. तरी माझी जात जुनी आहे, असं मी स्वतःला समजावत असते. दीड-दोनशे वर्षांपूर्वी साहेबांच्या देशात बऱ्याच गिटारी माझ्याएवढ्याच असत. बैठकीच्या खोलीत कुणीतरी मांडीवर घ्यायचं आणि चार माणसं शांत बसून ऐकायची. पुढे मोठमोठे वाद्यवृंद आले, त्यांत आमचा आवाज बुडू लागला, म्हणून गिटारींची पोटं वाढवण्यात आली. तेव्हापासून आम्हाला पाहून लोक विचारतात, "लहान मुलांची आहे का?"

आरमोरीच्या अश्वजितनं मला घेतलं ते हौसेनं. तो आहे सहा फुटी. त्याच्या हातात मी म्हणजे बैलाच्या पाठीवर बगळा. त्याला चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, गावातल्या विक्कीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचं होतं. विक्कीनं मला पाहिलं आणि म्हणाला, "अबे, पिल्लूच आणलं काऊन? याची माय कुठी हाय? मोठी आण, मंग स्टेजवर घेतो."

अश्वजितनं ठरवलं, मला चंद्रपूरच्या दुकानात देऊन मोठी आणायची.

त्याआधी पावसाळ्यात एक घोटाळा झाला होता. ओलीनं माझ्या तारा गंजायला लागल्या होत्या. त्याच सुमारास अश्वजितच्या आईचा, केसरबाईचा, मोबाईल धानाच्या बांधीत, पाण्यात पडला आणि तांदळात ठेवल्यावर पुन्हा बोलू लागला. बाईनं सरळ मलाही तांदळाच्या कोठीत गळ्यापर्यंत पुरलं. "मोबाईल जित्ता झाला, तं हे काऊन नाई होणार?"

झाले मी जिवंत. पण भोकातून किलोभर तांदूळ आत गेला. बाईनं उलटी करून झटकलं, तरी आतल्या लाकडी पट्ट्यांमागे बराच अडकून राहिला.

चंद्रपूरच्या दुकानदारानं मला कानाशी धरून हलवलं. काउंटरच्या काचेवर तांदूळ सांडला.

"भाऊ, गिटार देऊन राह्यले का राशन?" तो म्हणाला. "साफ करून आणा, मंग बदलून देतो."

अश्वजित परतीच्या बसमध्ये मला मांडीवर घेऊन बसला. मोठी असते तर टपावर गेले असते. हे त्याच्या लक्षात यावं असं मला फार वाटलं, पण सांगणार कशी?

घरी आल्याबरोबर त्यानं मला उलटं धरून हलवायला सुरुवात केली. खुळ्खुळ, खुळ्खुळ. दाणा पडेना. दाणे संपले की मीही जाणार, म्हणून मी प्रत्येक दाणा धरून ठेवला होता. म्हणजे निदान तसा प्रयत्न तरी केला.

केसरबाई भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. मग ती बुद्धवंदनेनंतरचं गाणं गुणगुणू लागली, त्याच ठेक्यावर.

अश्वजित थांबला.

"थांबू नको," ती म्हणाली. "असाच हालव. विहारातल्या आमच्या मंडळाची खंजिरी फाटली, तवापासून ठेकाच नाई."

"माय, हे गिटार हाय."

"मंग वाजव बी अन् हालव बी."

रविवारी तो मला घेऊन विहारात गेला. बायका गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. मोठी गिटार तिथे मावलीच नसती. मी मावले. अश्वजितनं तारा छेडल्या, मधूनच मला हलवलं, आणि बायका गायल्या. एकीचाही आवाज माझ्याखाली बुडाला नाही. ती जुनी बैठकीची खोली मला विहारात सापडली.

दाराशी विक्की उभा होता. गाणं संपल्यावर म्हणाला, "मावशी, जयंतीले आमच्या स्टेजवर सगळ्याजणी या. अन् पिल्लूले बी आणजा."

चंद्रपूरला जायचा विषय अश्वजित आता काढत नाही. दाणे गळतात, म्हणून केसरबाई दर रविवारी भोकातून मूठभर तांदूळ टाकते.

माझी एकच विनंती आहे, बाई: टाकताना निवडून टाकत जा. मागच्या मुठीतून एक सोंडा, तांदळातला किडा, आत आलाय. गाणं सुरू झालं की तो बिचारा घाबरून माझ्या बरगडीला चिकटतो. सोंडे लाकूड खात नाहीत, असं म्हणतात. खात नसतीलच. पण मला अजून खात्री वाटत नाही.