डाव्या बरगडीखाली

"मारा ना, चंपतदादा! चेंडूले पाय लावता का हळद लावता?"

प्रेमसिंग विटांच्या दोन ढिगांमध्ये, म्हणजे गोलात, हात पसरून उभा होता. कापसाच्या जिनामागच्या मैदानावरची सगळी टीम खो-खो हसली. चंपतने धोतराचा काचा पुन्हा खोचला, चार पावलं मागे गेला, धावत आला आणि चेंडू हलकेच पुढे ढकलला. चेंडू गडगडत जाऊन प्रेमसिंगच्या पायाशी थांबला.

"हाच काय तो चंपत माळी?" एकजण नथ्थू फिटरला म्हणाला. "याच्या लाथेच्या गोष्टी सांगून सांगून तुमी आमचे कान किटवले!"

"चौदा सालं झाले ना बे," नथ्थू म्हणाला. "गंज चढला. निघते हळूहळू."

गंज-बिंज काही नव्हता. कारंज्याच्या वेशीबाहेरच्या मळ्यात रोज मोट हाकणाऱ्या माणसाच्या पायाला कसला गंज चढतो? मन धजत नव्हतं, एवढंच. आज जिथे प्रेमसिंग उभा होता तिथेच चौदा वर्षांपूर्वी त्याचा थोरला भाऊ रूपला उभा असायचा, आणि रूपला मेला तो चंपतने मारलेल्या चेंडूने.

गावाला हे ठाऊक होतं आणि गावाने ते केव्हाच पचवलं होतं. रूपला मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा बंजारी. कापसाच्या हंगामात आईबरोबर कारंज्याच्या जिनात कामाला यायचा. डॉक्टरने सांगितलं, हिवतापाने त्याची पानथरी, म्हणजे पोटातली प्लीहा, वाढलेली होती, चेंडू लागून ती फुटली, यात दोष कोणाचाच नाही. त्याची आई मोतीबाई, तिने तर चंपतलाच पोटाशी धरलं. "तू कायले रडतं बेटा? तू खेळला, तोई खेळला." तेव्हापासून चंपत तिला रूपलासारखंच 'याडी' म्हणायचा, म्हणजे आई. हंगामात दर बाजाराला ती त्याच्या भाजीच्या दुकानाशी येऊन टेकायची, त्याने बाजूला काढून ठेवलेली वांगी, कोथिंबीर पदरात घ्यायची आणि उठताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवायची. चंपतची सख्खी आई तो रांगत होता तेव्हाच गेलेली. त्या हाताची तो आठवडाभर वाट पाहायचा, हे त्याने बायकोलाही कधी सांगितलं नाही.

आणखी एक गोष्ट त्याने कोणालाच सांगितली नव्हती. मरायच्या आठ दिवस आधी, हौदावर अंघोळ करताना, रूपलाने त्याचा हात धरून आपल्या डाव्या बरगडीखाली नेला होता.

"पाह्य बे, गोटा हाय."

खरंच तिथे काहीतरी कडक लागत होतं.

"डाक्टरले दाखव," चंपत म्हणाला.

"येडा झाला काय? जिनाचा सायेब टीममधून काढीन. पावसाळ्यात काम टीमवाल्यायलेच भेटते. कोणाले सांगू नको, तुले माही आन हाय."

चंपत गप्प बसला. दोस्ताची आन तर होतीच, पण मूर्तिजापूरशी मॅच होती आणि रूपलासारखा गोली दुसरा नव्हता, हेही होतंच की! आठ दिवसांनी सरावात त्याने अंगातलं सगळं बळ लावून चेंडू मारला. रूपलाने तो पोटावर झेलला, हसला, "नाई होऊ देल्ला गोल!" म्हणाला आणि निंबाखाली जाऊन बसला. दिवस मावळायच्या आत तो गेला.

त्यानंतर चंपतने मैदानाकडची वाटच सोडली. यंदा मात्र मोतीबाईच म्हणाली, "माह्या प्रेमसिंगले शिकव. तो टीममंदी पक्का झाला तं बारा महिने काम भेटीन. आता या वयात माह्याच्यानं गावोगाव नाई होत." तिला नाही म्हणायची छाती चंपतला कुठून यायची?

पहिले चार-पाच दिवस हसण्यावारी गेले. मग एका संध्याकाळी नथ्थूने लांबून चेंडू दिला, चंपत नकळत धावला आणि मारून बसला. चेंडू प्रेमसिंगच्या डोक्यावरून थेट बाभळीत. काय ओरडले सगळे! चंपतच्या छातीचा भाता झाला होता, गुडघा ठणकत होता, पण अंगात जे काही भरून आलं ते चौदा वर्षांत आलं नव्हतं. मळ्याकडे परतताना तो शीळ घालत होता. बायको कस्तुराबाईने वळून पाहिलं. "काय वो, लगन जमलं काय कोणाचं?"

पुढचे पंधरा दिवस असे गेले की विचारू नका. मोटेवर बसून तो पायाने हवेत चेंडू मारायचा. बैलसुद्धा कंटाळले असतील.

मग प्रेमसिंग तीन दिवस आला नाही. ताप होता म्हणाला, थंडी वाजून यायची. चौथ्या दिवशी आला तेव्हा डोळे पिवळट दिसत होते. खेळ संपल्यावर हौदावर त्याने सदरा काढला, आणि चंपतच्या हातातला तांब्या तसाच राहिला. पोट डावीकडून फुगलेलं होतं.

"इकडे ये."

"काय वो दादा? गुदगुल्या नोका करू!"

चंपतची बोटं बरगडीखाली गेली आणि थांबली. तीच जागा होती. तोच गोटा.

प्रेमसिंगचं हसू ओसरलं. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाला, "कोणाले सांगू नोका, दादा. रईवारी मॅच हाय. मॅच झाली का तापाचं कोयनेल घेतो. तुमाले माही आन."

चंपतने तांब्या खाली ठेवला आणि तो निघाला. घरी तो जेवला नाही. सांगायचं तर कोणाला? साहेबाला सांगितलं तर प्रेमसिंग दुसऱ्या जिनात जाऊन खेळेल, आणि तिथे कोणाचा हात त्याच्या पोटाला लागणार होता? त्याला रोखू शकणारी एकच बाई होती. आणि तिच्यापुढे तोंड उघडलं की ती आधी काय विचारेल, हे चंपतला लख्ख दिसत होतं. दुसऱ्या दिवशी तो तिच्या झोपडीपर्यंत जाऊन दोनदा परत फिरला. लोक काय म्हणतील याचं त्याला काही नव्हतं. डोक्यावरून फिरणारा तो हात जाईल, याचं भय होतं.

तिसऱ्यांदा मोतीबाईनेच त्याला पाहिलं. ती दारात ज्वारी निवडत होती.

"काहून फिरून राह्यला रे? बस."

"याडी, प्रेमसिंगले खेळू देऊ नको. त्याची पानथरी वाढली."

तिचे हात थांबले, पुन्हा चालू झाले. "ताप येऊन गेला की सर्व्यायचंच पोट तसं होते. डाक्टर बोलला काय?"

"नाई. म्या हात लावून पाह्यलं."

"तुले काय समजते त्यातलं? तू वांगे लावणारा माणूस!"

"समजते, याडी."

"कसं समजते?"

इथेच खोटं बोलता आलं असतं. एका वैद्याने शिकवलं म्हणाला असता तरी तिने मानलं असतं. पण मानलं असतं आणि सोडून दिलं असतं, तर? चंपतने जमिनीकडे पाहत सांगून टाकलं, "रूपलाच्या पोटाले लावला होता हात. तसंच लागलं होतं."

"कवा?"

"आठ दिस आंधी."

सुपातली ज्वारी तशीच राहिली.

"तुले मालूम होतं."

"हाव."

"आन् मारला चेंडू."

"मारला."

मोतीबाई रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर बरं झालं असतं! ती सूप घेऊन उठली, आत गेली आणि झोपडीचं तट्ट्याचं दार तिने लावून घेतलं. चंपत उन्हात तसाच बसून राहिला. रूपला मेला त्या दिवशीसुद्धा तो इतका एकटा पडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मायलेक तांड्यावर निघून गेले. जाताना प्रेमसिंग नथ्थूजवळ चंपतच्या नावाने बोटं मोडून गेला. रविवारी गोलात उभं राहायला कोणी नव्हतं, म्हणून चंपत उभा राहिला. मूर्तिजापूरने चार गोल केले. हसायला मात्र कोणी धजलं नाही.

त्याने खेळ सोडला नाही. नवा गडी आला की आधी त्याचा सदरा वर करायला लावायचा आणि डाव्या बरगडीखाली बोटं रुतवून पाहायचा. पोरं त्याला वैदू म्हणू लागली. दोघांना त्याने घरी पाठवलं, कोयनेल घेऊन बरं होऊन या म्हणून.

दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागल्या. एका संध्याकाळी अशीच पोटं तपासणं चाललं होतं आणि रांगेत शेवटी प्रेमसिंग येऊन उभा राहिला. अंगाने भरला होता, डोळे स्वच्छ होते. मागे निंबाखाली मोतीबाई होती. चंपतने हात पुढे केला.

"हात लावू नको त्याले."

ती पुढे आली. लेकाचा सदरा तिने स्वतः वर केला. मग चंपतच्या तोंडाकडे न पाहता विचारलं, "कोठी पाह्यचं?"

चंपतने स्वतःचा सदरा वर केला आणि आपल्याच बरगडीखाली बोटं रुतवून दाखवली. तिने तशीच प्रेमसिंगच्या बरगडीखाली रुतवली. बराच वेळ चाचपलं.

"काईच नाई लागत," ती म्हणाली. प्रेमसिंगचा सदरा तिने सारखा केला. "खेळ. पण हा समोर असंन तवा नाई."

नथ्थू काहीतरी बोलायला गेला. चंपतने त्याला डोळ्यानेच थांबवलं, निंबाच्या फांदीवरचा दुपट्टा काढून खांद्यावर टाकला आणि मळ्याची वाट धरली. मागे चेंडूचा धप्प आवाज आला, मग प्रेमसिंगचं ओरडणं, "नाई होऊ देल्ला!"

कस्तुराबाई वांग्यांना पाणी देत होती.

"आज लवकर आले?"

"गोली आला वापस. टीम भरली माही," चंपत म्हणाला, आणि तिच्या हातातलं फावडं घेऊन दुसऱ्या वाफ्याकडे पाणी वळवू लागला.