कळवतो म्हणाले

झुंबरबाईंनी तीस वर्षांत दोनशेच्या वर लग्नं जमवली होती, आणि त्यातली बरीचशी टिकलीही होती. याला कुणी व्यवसाय म्हटलं की त्यांना राग यायचा. त्या फक्त 'सुचवत'. शाहूवाडीच्या मुलाला नेसरीच्या मुलीचा पत्ता लागावा अशी काही सोय निसर्गात नाही. ती झुंबरबाईंनी केली होती, इतकंच.

एवढ्या अनुभवातून त्यांचे काही नियम तयार झाले होते. बघायला आलेल्यांत जो सगळ्यात जास्त बोलतो त्याला त्याच्या घरी कुणी विचारत नसतं. ठरवणारं माणूस गप्प बसून पोह्यातले शेंगदाणे वेचत असतं. मुलगी पसंत पडली असेल तर पाहुणे जाताना चप्पल शोधायला वेळ लावतात. आणि सगळ्यात पक्का नियम म्हणजे, 'कळवतो' याचा अर्थ 'नाही'. कळवतो म्हणून गेलेल्या माणसानं पुढं काही कळवल्याचं कोल्हापूर जिल्ह्यात तरी त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

त्यावर त्यांचा उताराही ठरलेला होता. पलीकडून नकार यायच्या आत आपला धाडून द्यायचा. पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं की काम झालं. पत्रिकेचं एक बरं असतं, तिला साक्षीला कुणी बोलवत नाही. मुलीच्या नावाला नकार चिकटत नाही, पोहे तेवढे वाया जातात.

तर अशा या झुंबरबाईंकडे एका रविवारी त्यांचा धाकटा भाऊ अमरसिंह आला आणि म्हणाला, "आक्का, तेजस्वीला बघायला येणार हायेत."

"कुठली मंडळी?"

"पोलंडची."

झुंबरबाईंनी चहाचा कप खाली ठेवला.

मग अमरसिंहानं सगळं नीट सांगितलं. तेजस्वी ही त्याची थोरली, वय एकोणीस. आठव्या वर्षापासून ती बॅले शिकत होती. बॅले म्हणजे पायाच्या बोटांच्या टोकावर उभं राहायचं आणि आपल्याला काहीच त्रास होत नाहीये असं दाखवायचं. हे कोल्हापुरात शिकायला मिळत होतं कारण आफशीन मॅडम मुंबईत पंधरा वर्षं ते शिकल्या आणि मग लग्न करून टिंबर मार्केटातल्या एका वखारीच्या घरात आल्या. नवरा सोहेल यानं लग्नात काय हवं विचारलं, तर त्यांनी लाकडी जमीन मागितली. वखारवाल्याकडे मागण्यासारखी गोष्ट ती. त्यानं वखारीच्या वरचा अख्खा मजला फळ्यांनी मढवून दिला.

आता पोलंडमधल्या एका नृत्यसंस्थेला पुढच्या हंगामासाठी नोकरीवर एक मुलगी हवी होती. एकच. तेजस्वीचे याआधी पाच ठिकाणी व्हिडिओ धाडून झाले होते. या कामात विसाव्या वर्षानंतर नव्या मुलीला कुणी उभं करत नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, आणि दिवाळीत तिला वीस पूर्ण होणार होती. हे जमलं नाही तर जूनपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास, असं बापलेकीत ठरलं होतं. पोरीनं त्याला हो म्हटलं होतं; बापाला तिचं ते हो म्हणणंच सोसलं नव्हतं. पण दूध संघाचा टँकर चालवणाऱ्या अमरसिंहाला दुसरीही धास्ती होती. पोलंड म्हणून नेतील आणि भलतीकडंच सोडतील.

"ती पोरीला बघतील," तो म्हणाला, "तू त्यास्नी बघ. तू व्हय म्हणलीस तर मी कागदावर सही करतो."

पोलंड ऐकून झुंबरबाईंना तसा धीर आला. महायुद्धात पोलंडची कुटुंबं कोल्हापूरशेजारी वळिवड्याच्या छावणीत येऊन राहिली होती आणि झुंबरबाईंच्या सासूबाईंची आई त्यांच्याकडे दूध घालायला जायची. भांडं धुऊन परत देणारी माणसं, असा त्यांचा लौकिक घरात चालत आला होता. म्हणजे घराणं माहितीतलं होतं.

पालकांचा फोन नंबर म्हणून झुंबरबाईंचाच दिला गेला, कारण टँकर चालवताना अमरसिंह फोन उचलत नसे आणि चालवत नसताना झोपलेला असे.

बघण्याची वेळ दुपारी अडीचची होती. पाहुणे लॅपटॉपमधून बघणार हे झुंबरबाईंना माहीत होतं, तरी त्यांनी पोहे केले. पोह्यांशिवाय मुलगी दाखवली असं उद्या कुणी म्हणायला नको. डबा घेऊन त्या वखारीचा जिना चढल्या, तर पायरीवर बसून तेजस्वी कोरे करकरीत रेशमी बूट दगडावर बडवत होती.

"नवं कशाला बडवतीस?"

"न्हायतर वाजत्यात, आत्या. उडी मारली की टपटप आवाज येतो."

मग तिनं एका परातीतल्या राळेच्या भुकटीत दोन्ही बूट घासले. कशाला, तर फळीवर पाय घसरू नये म्हणून. झुंबरबाईंनी बोटानं बुटाचं टोक दाबून पाहिलं. ते खाटेच्या खुरासारखं घट्ट होतं. आत काय असतं, हे किती दिवस टिकतं, बोटांचं काय होतं, असं त्या विचारत गेल्या आणि पोरगी सांगत गेली. अकरा वर्षं ही मुलगी आपल्या डोळ्यांसमोर हे शिकली आणि आपण तिला मार्कांपलीकडं काही विचारलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. ते त्यांनी लगेच बाजूला ठेवलं, कारण खाली करवत बंद झाली होती. सोहेलनं तासाभरासाठी मशीन थांबवून गिऱ्हाइकांना सांगितलं होतं की वर पावणं आल्यात.

पाहुणे तीन होते. एक टक्कल पडलेला लांबोडका गृहस्थ, तो बोलत होता. एक तरुण मुलगी, ती लिहून घेत होती. आणि खांद्यावर शाल घेतलेली एक म्हातारी, ती काहीच करत नव्हती.

"ती म्हातारी ठरवणार," झुंबरबाई प्लायवूडच्या थप्पीमागून कुजबुजल्या. त्यांना कॅमेऱ्याच्या बाहेर तिथंच बसवलं होतं.

आफशीन मॅडम चकित झाल्या. म्हातारी संस्थेची प्रमुखच होती. "तुम्हाला कसं कळलं?"

"शेंगदाणे वेचतीया."

म्हातारी खरोखरच केकमधल्या मनुका वेचून बशीच्या कडेला लावत होती.

पाहुण्यांनी आधी पोरीचे उघडे पाय बघायला मागितले. तीस वर्षांत झुंबरबाईंनी रंग बघणारे पाहिले होते, उंची मोजणारे पाहिले होते, वेणी खरी आहे का ते ओढून बघणारे पाहिले होते. तळपायाची कमान बघणारे हे पहिलेच. पोरीच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख बघून टकल्यानं समाधानानं मान हलवली. आपल्याकडं असलं नख दिसलं असतं तर लग्न मोडलं असतं, असा विचार झुंबरबाईंच्या मनात आला आणि त्या आणखी पुढं सरकून बसल्या.

मग तेजस्वी नाचली. सोहेलनं रंधून दिलेल्या सागवानी दांड्याला धरून आधी हळू, मग मोकळ्या फळ्यांवर. झुंबरबाईंना त्यातलं काही कळलं नाही आणि त्यांनी पापणीही हलवली नाही. एक पाय कानाशी नेऊन पोरगी थांबली तेव्हा त्यांनी स्वतःचा श्वास रोखून किती वेळ होतो ते बघितलं. त्यांचा श्वास आधी संपला.

शेवटी म्हातारी पहिल्यांदा बोलली. मॅडमनी सांगितलं, "त्या म्हणतात, नुसतं चालून दाखव. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

झुंबरबाई थप्पीमागून डोकावल्या. हे तर अगदी नेसरीसारखं झालं. नेसरीत चालून दाखवायला सांगतात ते मुलगी लंगडत नाही ना, एवढ्यापुरतं. पण आत्ताच कानापर्यंत पाय नेलेल्या मुलीत ही बाई काय शोधत होती? तेजस्वी चालली. म्हातारीनं बशी बाजूला ठेवली.

टकला आभार मानून आणखी काहीतरी बोलला. मॅडमनी ते मराठीत सांगितलं. "कळवतो म्हणाले."

टकला उठून गेला, लिहिणारी मुलगी गेली. म्हातारी मात्र खुर्चीखाली वाकून कितीतरी वेळ काहीतरी शोधत राहिली, मग पडदा काळा झाला. झुंबरबाईंनी ते पाहिलं होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. तेजस्वी फळीवर पाय पसरून पोहे खात होती आणि चांगलं झालं, चांगलं झालं म्हणत होती. झुंबरबाई तिच्या केसांवरून हात फिरवून मुकाट्यानं जिना उतरल्या.

घरी येऊन त्यांनी रीतसर उतारा केला. फोन तोंडासमोर धरून मराठीत बोललं की तो इंग्रजी करून देतो, हे त्यांना बंगळूरच्या स्थळांमुळे ठाऊक होतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडून नको. पत्रिका जुळत नाही. आपल्याला दुसरं चांगलं स्थळ मिळो." फोननं त्याचं जे काय केलं ते त्यांनी, बघण्याची वेळ जिनं फोनवर कळवली होती त्या लिहिणाऱ्या मुलीला धाडून दिलं आणि सुटल्यासारखं होऊन भाकऱ्या थापल्या.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. फोननं त्याचंही मराठी करून दिलं: 'वाईट वाटले. यादीत दोनच नावे उरली होती. आपल्या इच्छेनुसार तेजस्वीचे नाव काढत आहोत. बाई विचारतात, काय जुळले नाही?'

झुंबरबाईंनी ते चारदा वाचलं. दोनशे लग्नं आणि त्याहून जास्त नकार झाले, पण काय जुळलं नाही, असं आजवर कुणीच विचारलं नव्हतं. त्यांनी तेजस्वीला बोलावून घेतलं आणि फोन तिच्या हातात दिला.

पोरगी वाचून खाली बसली आणि स्वतःचा पाय चोळायला लागली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आत्या, कळवतो म्हंजे काय?"

"न्हाय."

"त्यांच्यात कळवतो म्हंजे कळवतो."

"नुसतं कळवतो?"

"नुसतं कळवतो. पाच जणांनी न्हाय म्हणलं की मला. पाचीच्या पाची जणांनी कळवलं."

झुंबरबाईंना हे पटायला थोडा वेळ लागला. जे म्हणायचं तेच म्हणणारी माणसं जगात असतात, आणि ती आपल्या भाचीला बघून गेली. मग त्यांना ती खुर्चीखाली वाकलेली म्हातारी आठवली. चप्पलच शोधत होती ती, दुसरं काय? आपलाच नियम, आणि बघत असूनही आपल्याला तो दिसला नाही.

एकदा नको म्हटलेल्या दारात त्या जन्मात परत गेल्या नव्हत्या. "लाव फोन," त्या म्हणाल्या, "चेहरा दिसतो तसला. मी बोलतो, तू नुसतं त्यांच्या भाषेत सांग. पदरचं घालू नगंस."

फोन लिहिणाऱ्या मुलीनं उचलला आणि ऐकून घेऊन आत गेली. दहा मिनिटांनी पडद्यावर शाल आली.

"पत्रिका मी बघितलीच न्हाय," झुंबरबाई म्हणाल्या. "तुम्ही न्हाय म्हणणार असं वाटलं, म्हणून मीच आधी म्हणून टाकलं. पोरीला ह्यातलं काय ठावं न्हवतं. चूक माझी."

तेजस्वीनं ते इंग्रजीत सांगितलं. शेवटचे दोन शब्द सांगताना ती जरा थांबली, कारण आत्याच्या तोंडून ते तिनंही पहिल्यांदाच ऐकले होते. म्हातारीनं विचारलं, आधी का म्हणायचं?

"पोरीच्या नावाला नकार लागू नये म्हणून."

म्हातारीनं शाल सावरली. मग म्हणाली, मला माझ्या वेळी नऊ ठिकाणी नको म्हणाले होते. त्यातल्या दोनच ठिकाणांची नावं आता आठवतात.

फोन ठेवायची वेळ आली, पण झुंबरबाईंना राहवेना. "एक विचारू का? चालून कशाला दाखवायला लावलं?"

तेजस्वीला हा प्रश्न पुढं न्यायचा नव्हता. पण पदरचं घालायचं नाही असं ठरलं होतं, म्हणजे गाळायचंही नाही. म्हातारीनं पहिल्यांदा हसून उत्तर दिलं. नाचायची तयारी सगळ्याच मुली करून येतात, चालायची कुणी करत नाही. नाच संपला असं वाटल्यावर पोरगी कशी चालते, तेवढंच तिला बघायचं होतं.

"आमच्यातबी त्यासाठीच चालायला लावत्यात," झुंबरबाईंनी ठोकून दिलं.

म्हातारी म्हणाली, नाव परत लिहिते. शुक्रवारी कळवते.

आता शुक्रवारपर्यंत करायचं काय, हे झुंबरबाईंना कळेना. 'कळवतो'नंतर वाट बघायचा त्यांना सरावच नव्हता. गुरुवारी नेमाप्रमाणे त्या वाडीला दत्ताच्या दर्शनाला गेल्या, पण देवाकडं मागायचं काय ते ठरेना. होकार मागावा, तर मनात येई की आधी ती बाई खरंच कळवते का तेच बघू. शेवटी नुसताच नमस्कार करून त्या परत आल्या.

शुक्रवारी दुपारी फोनवर निरोप आला तेव्हा तेजस्वी शेजारीच बसली होती. नाव संस्थेचंच होतं. एवढ्या वर्षांत कुठलंही उत्तर उघडायच्या आधी झुंबरबाईंना ते माहीत असायचं. या वेळी त्यांना खरोखरच काही माहीत नव्हतं. आणि त्याचं वाईट वाटत नव्हतं. उत्सुकता असते ती हीच असावी, असं त्यांना वाटलं. त्यांनी फोन पोरीकडं दिला.

तेजस्वीनं वाचलं. मग चष्मा नसल्यासारखं फोन जवळ धरून परत वाचलं. शिकाऊ म्हणून दहा महिने. राहायची सोय संस्थेची. काम बघून पुढच्या वर्षी कायम.

अमरसिंहाचा टँकर कराडजवळ एका धाब्यावर उभा होता. त्यानं पहिल्याच रिंगला फोन उचलला आणि सगळं ऐकून विचारलं, "म्हंजे नक्की काय, आक्का?"

"साखरपुडा," झुंबरबाई म्हणाल्या. "लगीन म्होरल्या वर्षी. माणसं चांगली हायेत. कर सही."

पलीकडं अमरसिंहानं धाब्यावर सगळ्यांना चहा सांगितल्याचं ऐकू आलं. तेजस्वी केव्हाच उठून आतल्या खोलीत गेली होती, आणि तिथून काहीतरी जमिनीवर आपटल्याचा आवाज येत होता. बूट बडवत असणार. झुंबरबाईंनी फोन तोंडासमोर धरला आणि घसा साफ करून सावकाश म्हणाल्या, "पत्रिका जुळली."

फोननं त्याचं इंग्रजी केलं. त्यांनी धाडून दिलं.