पडद्यावर सात

तिने टेबलावरच्या संगणकाची एक कळ दाबली, मग दुसरी, मग सगळ्याच. पडद्यावरचं घड्याळ ढिम्म हललं नाही. पेटीच्या आत काम सुरळीत चालू होतं, फक्त चित्र थिजलं होतं. चूक झाल्याची एक ओळसुद्धा कुठे उमटली नव्हती.

अगदी असलाच संगणक तिने गेल्या आठवड्यात सासऱ्यांच्या बॉयलरघरात बसवला होता. वाफेचा दाब दाखवणारा कारखान्याचा प्रोग्राम एका जुन्या प्रणालीवरच चाले, आणि ती जगात मोजकीच माणसं वापरत. नव्या यंत्रात दोन प्रोसेसर. पडद्यावर चित्र काढणारा ड्रायव्हर मात्र एकाच प्रोसेसरच्या काळातला. तिथेच घोडं पेंड खात होतं. तिने ठिगळं लावून तो चालता केला होता, आणि चालला म्हणून खूश झाली होती.

तिने बॉयलरघरात फोन लावला. सासरे मजेत होते.

"दाब सात म्हणजे सात, पोरी. दोनदा आग वाढवली तरी सातच. तेल भेसळीचं आलंय बहुतेक."



"बाबा, दाबाचा जुना काटा बघून या."

ते हसत उठले. रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग तिच्या लक्षात आलं, की काटा बॉयलरच्या अंगावरच आहे. पळा म्हणायचं सोडून तिने त्यांना वाघाच्या तोंडाशी धाडलं होतं. तिने हाकांवर हाका मारल्या. त्या फार तर टेबलाला ऐकू गेल्या असतील.

हेच सासरे वर्षभर संगणकाला नाकं मुरडत होते. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणायचे. तिने नाकदुऱ्या काढून काढून त्यांना पडद्यासमोर बसवलं होतं.

रिसीव्हर उचलला गेला.

"काटा लाल रेघेच्या पुढे दिसतोय. पण जादा वाफ सोडणारी झडप गप्प आहे, अन् तुझा पडदा सातच म्हणतोय. काटाच म्हातारा झालाय, माझ्यासारखा. अजून थोडी आग देऊ?"

"बाबा, पडदा खोटा आहे. माझ्या त्या यंत्राचं काही खरं मानू नका. आग बंद करा अन् बाहेर पळा."



"हेही तूच सांगतेस ना," ते म्हणाले. "मग मानायला हवं."

आग बंद करणारा खटका पडला. मग पावलं वाजली, नेहमीसारखीच सावकाश, आणि ती कान लावून लोखंडी दार वाजण्याची वाट बघत राहिली.